लांब पल्ल्याचे खेळाडू आणि हृदयाची लय

वर्षानुवर्षे लांब पल्ल्याचे धावणे, सायकल चालवणे किंवा पोहणे करणाऱ्यांच्या हृदयाच्या ठोक्यांत होणारे बदल आणि बिघाड. १९८३ पासून मॅरेथॉन भरवणाऱ्या आणि पहाटे सिंहगड, बोपदेव घाट चढणाऱ्या पुण्यात चाळिशीपुढच्या हौशी खेळाडूंना ही माहिती विशेष उपयोगाची आहे.

सराव असलेल्याची नाडी निवांत बसल्यावर मिनिटाला ४०-५० असणे हा आजार नव्हे. चढ लागताच ठोके नीट वाढत असतील, चक्कर येत नसेल, तर केवळ त्या आकड्यासाठी पेसमेकर लागत नाही.

नेहमी आढळणारा खरा विकार म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन. यात हृदयाचे वरचे कप्पे आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरतात. अनेक वर्षांच्या जोरकस सरावाने हे कप्पे ताणले जातात. निवांतपणी ठोके मंदावणाऱ्या व्हेगस मज्जातंतूचा जोरही वाढलेला असतो. म्हणून धडधड शर्यतीत सुरू न होता पुष्कळदा रात्री जेवणानंतर किंवा झोपेत सुरू होते. स्वीडनमधील ९० किलोमीटरच्या वासालोपेट स्की शर्यतीतील ५२ हजारांहून अधिक जणांचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला; जास्त वेळा शर्यत पुरी करणाऱ्यांत लयबिघाड अधिक आढळला. बेताचा व्यायाम मात्र हृदयाच्या हिताचाच आहे.

पळताना घड्याळावर १४० चे एकदम १७५ झाले, तर आधी पावले मोजावीत. मनगटावरचा सेन्सर कधीकधी पावलांचीच लय ठोके म्हणून दाखवतो. छातीचा पट्टा जास्त भरवशाचा, पण कोरडा बांधला तर तोही घाम येईपर्यंत चुकतो. खऱ्या बिघाडात ठोके अचानक उसळतात, थांबल्यावरही लवकर उतरत नाहीत आणि पायांतले बळ जाते. अशा वेळी मनगटावर बोटे ठेवून पूर्ण ६० सेकंद नाडी मोजावी. घड्याळात ईसीजी असेल तर तेव्हाच ३० सेकंदांची नोंद घ्यावी. धडधड थांबल्यावर काढलेला ईसीजी बहुधा साफ येतो, आणि नोंदीवाचून निदान अडते.

थायरॉईड, रक्तदाब, मद्यपान, झोपेत श्वास अडणे ही कारणे तपासून इको (हृदयाची सोनोग्राफी) करतात आणि काही महिने सराव कमी करायला सांगतात. ठोके मंदावणाऱ्या बीटा ब्लॉकर औषधाने आधीच मंद असलेली नाडी आणखी उतरते व दम लवकर लागतो. लय ताळ्यावर आणणारी फ्लेकेनाइडची गोळी घेतलेल्या दिवशी पळू नये: लय फ्लटरमध्ये (वरच्या कप्प्यांच्या वेगवान पण नियमित लयीत) बदलून ठोके २०० च्या पुढे जाऊ शकतात. औषधे सोसत नसतील तर एब्लेशन करतात. यात मांडीच्या शिरेतून कॅथेटर (बारीक नळी) नेऊन फुप्फुस-शिरांच्या तोंडाशी विजेची वाट बंद केली जाते. त्यानंतर पहिले दोन-तीन महिने अधूनमधून धडधड झाली तरी उपचार फसला असे नाही. गुठळी होऊ नये म्हणून रक्त पातळ करणारी गोळी द्यायची की नाही हे वय, रक्तदाब, मधुमेह पाहून ठरते. फिटनेसमुळे ती टळत नाही. ती चालू असताना घाटात पडून डोक्याला मार लागला, तर बरे वाटत असले तरी रुग्णालय गाठावे.

पळता पळता शुद्ध हरपणे किंवा घरात तरुणपणी अचानक मृत्यू झालेला असणे, यांपैकी काहीही असेल तर तपासणी होईपर्यंत सराव पूर्ण बंद ठेवावा. कोणी कोसळून हाकेला ओ देत नसेल, तर १०८ ला फोन लावून छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० वेळा, किमान ५ सेंटीमीटर खोल दाब द्यावा आणि एईडी (विजेचा झटका देऊन लय परत आणणारे यंत्र) मागवावे. मधूनच येणारे आचके म्हणजे श्वास नव्हे. ते दिसले तरी दाब थांबवू नये.