टँकचं छप्पर आणि तोफवाली विमानं

‘वॉर थंडर’ या ऑनलाइन युद्धखेळात टँकच्या लढाईत पुरेसे स्पॉन पॉइंट, म्हणजे पुन्हा मैदानात उतरण्यासाठी लागणारे गुण, जमले की विमान घेऊन परत येता येतं. नवा खेळाडू बहुतेक वेळा तोफवालं विमान निवडतो, समोरून सपाट येतो आणि सगळा दारूगोळा एका दमात रिकामा करतो. टँकवर ठिणग्या उडतात, टँक मात्र चालतच राहतो. मग वाटतं, खेळातच काहीतरी गडबड आहे. तशी काही गडबड नसते. दुसऱ्या महायुद्धातले वैमानिक याच कोड्याशी झगडत होते.

टँकचं जाड चिलखत समोर असतं. टी-३४ची पुढची तिरपी पाटी ४५ मिलिमीटरची, तर छप्पर जेमतेम २० मिलिमीटरच्या घरातलं. त्यामुळे ‘वरून मारा’ हा सल्ला सगळेच देतात. पण विमानाने जमिनीकडे घेतलेल्या वीस अंशांच्या झेपेत गोळा छपराला जवळजवळ समांतर येतो आणि घसरून निघून जातो. फार खडी झेप घेतली तर विमान वर ओढायला जागा उरत नाही. म्हणून मागून किंवा बाजूने यायचं. तिथली पाटी पातळ असते, शिवाय मागच्या भागात इंजिन असतं. ताशी ३६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला १०० मीटर. पाचशे मीटरवर गोळीबार सुरू करून दोनशेवर थांबायचं, तर हातात तीन सेकंद येतात. सगळा खेळ त्या तीन सेकंदांचा.

१९४२च्या उन्हाळ्यात उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात ब्रिटिश हवाई दलाच्या ६ क्रमांकाच्या स्क्वॉड्रनने हरिकेन आयआयडी हे विमान लढाईत उतरवलं. पंखाखाली ४० मिलिमीटरच्या दोन विकर्स तोफा, प्रत्येकीत पंधराच्या आसपास गोळे. सोबत दोन साध्या मशीनगन ठेवल्या होत्या, त्या मुख्यतः नेम ठरवण्यासाठी. आधी मशीनगनची रेघ टँकवर टेकवायची, मग तोफेचा चाप ओढायचा. आज खेळात अनुभवी खेळाडू दोन्हींसाठी वेगवेगळी बटणं ठेवतात आणि नेमकं हेच करतात. ही युक्ती हाताला जमली की पहिल्यांदा हे विमान खरं कळतं.

जर्मनांचं युंकर्स ८७ जी हे विमान पूर्व आघाडीवर १९४३मध्ये आलं. ३७ मिलिमीटरच्या दोन तोफा, प्रत्येकी फक्त १२ गोळे, गोळ्याच्या पोटात टंगस्टनचा कठीण गाभा. ते उडवणाऱ्या हान्स-उलरिश रुडेल या जर्मन वैमानिकाच्या नावावर ५१९ टँक सांगितले जातात. हा आकडा खेळाडूंच्या गप्पांत फार आदराने घेतला जातो, ते मला पटत नाही. तो त्या काळचा दावा आहे, आणि हा माणूस युद्धानंतरही नाझी विचारांना चिकटूनच राहिला.

दाव्यांचं काय होतं ते ऑगस्ट १९४४मध्ये फ्रान्समधल्या मोर्तँला दिसलं. तिथे दोस्त राष्ट्रांच्या वैमानिकांनी मिळून २५२ टँक नष्ट केल्याचे किंवा निकामी केल्याचे दावे केले. नंतर पाहणी पथकं रणांगणावर चालत गेली. सापडलेल्या ४६ टँक आणि टँकसारख्या स्वतः चालणाऱ्या तोफांपैकी हवाई शस्त्रांनी गेलेल्या जेमतेम ९ होत्या. धूर, धूळ आणि वेग यांत वैमानिकाला जे दिसतं त्यावर तो प्रामाणिकपणे विश्वास ठेवतो. खेळात मात्र टँक जळला की नाही हे लगेच पडद्यावर येतं. ही सोय त्या माणसांना कधीच मिळाली नाही.

सोव्हिएत इल्यूशिन-२ची गोष्ट मला सगळ्यात जवळची वाटते. छत्तीस हजारांहून अधिक बनलेलं हे विमान ‘उडता टँक’ म्हणून ओळखलं जातं, पण त्याच्या २३ मिलिमीटरच्या तोफा मध्यम टँकपुढे कमी पडत. ३७ मिलिमीटरच्या बसवल्या तेव्हा धक्क्याने नाक हलायचं आणि दोन तोफांचा ताल चुकला की विमान बाजूला वळायचं. पहिले दोन-तीन गोळेच कामाचे. कुर्स्कच्या लढाईत मग छोट्या टँकविरोधी बॉम्बचा सडा टाकण्यावर भर दिला गेला.

याच विमानाच्या नावाने २००१मध्ये ‘इल-२ स्टुर्मोविक’ हा सिम्युलेटर आला. त्याच मालिकेतला ‘बर्ड्स ऑफ प्रे’ गायजिन कंपनीने २००९मध्ये कन्सोलसाठी बनवला, आणि पुढे २०१२मध्ये ‘वॉर थंडर’ची खुली चाचणी सुरू झाली. तेव्हा खाली दिसणारे टँक संगणक चालवत असे. २०१४मध्ये टँकच्या लढाया आल्या आणि खाली हाडामांसाचा खेळाडू बसला. तो वळतो, झाडाआड लपतो, वर मशीनगन रोखून वाट बघतो. तीन सेकंदांची किंमत तेव्हापासून वाढली.

आपल्याला जवळचं विमान खेळातल्या सोव्हिएत शाखेत सापडतं: मिग-२७. त्याची सहा नळ्यांची ३० मिलिमीटर तोफ सेकंदाला ऐंशीच्या आसपास गोळे ओकते. तिच्या हादऱ्यांनी विमानाचे दिवे आणि उपकरणं खिळखिळी होत असत. भारतीय हवाई दलाची ही विमानं, म्हणजे ‘बहादूर’, नाशिकजवळ ओझरला एचएएलच्या कारखान्यात बांधली गेली, कारगिलमध्ये लढली आणि २७ डिसेंबर २०१९ला जोधपूरच्या धावपट्टीवरून शेवटची निवृत्त झाली.