ब्लॉकेजचा टक्का आणि धमनीची भिंत

सोलापुरात कुणाची अँजिओग्राफी झाली की नातेवाइकांचा पहिला प्रश्न ठरलेला: "किती टक्के ब्लॉकेज आहे?" सत्तर म्हटलं की घरात स्टेंटची आणि पैशांची बोलणी सुरू होतात, चाळीस म्हटलं की सगळ्यांच्या जिवात जीव येतो. हा टक्का म्हणजे धमनी आतून किती अरुंद झाली याचं माप. तिथून रक्त कसं वाहतं, भिंतीला काय सोसावं लागतं, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी आता संगणकावर धमनीचं मॉडेल करतात. पण या खटाटोपाची सुरुवात संगणकाच्या कितीतरी आधीची.

वाहण्याचा हिशोब आधी जमला. पॅरिसचे डॉक्टर पॉइझ्युली यांनी १८४०च्या सुमारास काचेच्या अगदी बारीक नळ्यांतून पाणी सोडून नियम काढला. दाब तोच ठेवून नळीचा व्यास निम्मा केला, तर प्रवाह सोळाव्या हिश्श्यावर येतो. सोलापूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात (स्थापना १९६३) शरीरक्रियाशास्त्रात आणि वालचंद अभियांत्रिकीत (१९८३) द्रवयांत्रिकीत हाच नियम शिकवतात. दोन्हीकडच्या पोरांना एकमेकांची खबर असते का, कोण जाणे.

पण उजनीहून शहराला पाणी आणणाऱ्या जलवाहिनीसारखी धमनी ताठ नसते. ती दर ठोक्याला फुगते, आकसते, तिला फाटे फुटतात. लवचीक नळीतल्या प्रवाहाची समीकरणं गणिती ऑयलरने १७७५मध्येच मांडली होती, ती सोडवणं मात्र त्याला जमलं नाही. ठोक्याठोक्याने वाहणाऱ्या रक्ताचं वापरता येईल असं गणित ब्रिटिश गणिती वोमर्स्ली यांनी १९५५मध्ये दिलं.

खरी गंमत पुढे आहे. चरबीचे थर धमनीत सगळीकडे सारखे साचत नाहीत. फाट्यांपाशी, वळणांपाशी साचतात. का? १९६८मध्ये फ्राय यांनी दाखवलं की वेगवान रक्ताच्या घासण्याने आतलं अस्तर दुखावतं. पटण्यासारखी गोष्ट. पण पुढच्याच वर्षी लंडनच्या कॅरो आणि सहकाऱ्यांनी उलट मांडलं: जिथे घासणं कमी, रक्त रेंगाळतं, तिथेच थर धरतात. १९८५मध्ये कू, गिडन्स, झारिन्स आणि ग्लागोव्ह यांनी मानेतल्या कॅरोटिड धमनीच्या फाट्यावर तपासलं. थर जाड होते ते बाहेरच्या भिंतीवर, जिथे रक्त हळू चालतं आणि दर ठोक्याला मागेपुढे होतं. पारडं कॅरोंकडे झुकलं.

भिंतीवर किती ताण येतो हा प्रश्न मात्र मागेच पडला होता. तो सोडवायचं हत्यार विमानांच्या कारखान्यातून आलं. वस्तूचे बारीक तुकडे पाडून प्रत्येकातला ताण मोजण्याची ही पद्धत १९५०च्या दशकात विमानाच्या सांगाड्यासाठी तयार झाली. १९८९मध्ये रिचर्डसन, डेव्हिस आणि बॉर्न यांनी चरबीच्या थरावरचं पातळ आवरण कुठे फाटतं ते असं मॉडेल करून पाहिलं. पुष्कळदा ते कडेला, निरोगी भिंतीला जिथे जुळतं तिथे फाटत होतं आणि ताणही तिथेच जास्त निघत होता. १९९२मध्ये लॉरी, कॅम आणि सहकाऱ्यांचं मॉडेल आणखी बोलकं निघालं. आवरण पातळ झालं की ताण झपाट्याने वाढतो; नुसती अरुंदी वाढली, तर उलट कमी होतो! आवरण फाटलं की तिथे रक्ताची गुठळी धरते; चाळीस टक्केवाल्यालाही अचानक हृदयविकाराचा झटका का येतो, याचं एक उत्तर इथे आहे.

दवाखान्यात आधी पोचला तो प्रवाहाचाच हिशोब. धमनीत बारीक तार घालून ब्लॉकेजपलीकडचा दाब मोजायचा, अलीकडच्या दाबाशी त्याचं गुणोत्तर ०.८० किंवा त्याखाली आलं तर स्टेंटचा विचार करायचा, ही रीत रूढ होत होती. स्टॅनफर्डच्या चार्ल्स टेलर यांच्या कामातून उभ्या राहिलेल्या कंपनीने तेच गुणोत्तर तार न घालता, सीटी स्कॅनवरून संगणकाने काढलं. अमेरिकेत २०१४मध्ये त्याला मान्यता मिळाली. अशा गणितात भिंत बहुतेकदा ताठच धरतात. ताण काढायचा तर भिंत किती चिवट, आवरण किती जाड हे त्याच रुग्णाचं कळायला हवं. जिवंत माणसाच्या भिंतीचा तुकडा काढून ओढून पाहता येत नाही, आणि ते आवरण तर मिलिमीटरच्याही अंशात.

पोटातल्या महाधमनीच्या फुग्याचंही तेच. तो फुटण्याचा धोका नुसत्या व्यासापेक्षा भिंतीवरच्या ताणावरून चांगला ओळखता येतो, असं फिलिंजर यांच्या गटाने वीसेक वर्षांपूर्वी दाखवलं. तरी पुरुषांत शस्त्रक्रियेची सर्वसाधारण रेषा आजही साडेपाच सेंटिमीटर व्यासाचीच आहे.