फेकण्याआधी संगणकालाच विचारून पाहा

गेल्या जुलैत पेडणे तालुक्यातल्या मांद्र्याला मामांकडे गेले, तेव्हा खिडकीजवळचा त्यांचा संगणक जुन्या साडीखाली झाकून ठेवलेला होता. “अगं, गेला तो. दुकानदार म्हणाला, बोर्ड उडालाय, नवाच घ्या,” मामा म्हणाले. बोर्ड म्हणजे संगणकाचे सगळे भाग ज्यावर जोडलेले असतात ती मुख्य पाटी. डेस्कटॉप २०१३ सालचा. ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क आणि विंडोज ७. आजच्या हिशेबाने त्याची किंमत काहीच नाही. पण त्याच्या पोटात जत्रेतल्या नाटकांच्या तीसेक संहिता होत्या, उत्सवाचे वर्षानुवर्षांचे जमाखर्च होते आणि आजीचे अखेरच्या वर्षांतले फोटो होते. यातल्या कशाचीही दुसरी प्रत नव्हती.

गोव्यात असे संगणक घरोघरी आहेत. २००० नंतरच्या दशकात सरकारच्या सायबरएज योजनेमुळे अकरावीतल्या मुलांच्या घरी संगणक पोहोचले, तिथून अनेक कुटुंबांची सुरुवात झाली. त्यातला एखादा बंद पडला की आपण अंदाज बांधतो, दुकानदारही अंदाजच बांधतो. खरं तर संगणक आपलं दुखणं स्वतः सांगतो. त्याला कोणत्या साधनाने आणि कोणत्या क्रमाने विचारायचं, एवढं कळलं की बहुतेक वेळा ‘बोर्ड उडाला’ हे निदान चुकीचं ठरतं.

मामांचं यंत्र सुरू केलं. पंखा फिरला, पडदा काळाच राहिला आणि आतून एक लांब ‘बीप’ पुन्हा पुन्हा येऊ लागली. हा आवाज ऐकून मला हायसं वाटलं. बीप देण्यासाठी प्रोसेसर आणि बोर्डावरचा मूळ प्रोग्रॅम जागे असावे लागतात. म्हणजे बोर्ड जिवंत होता. बीपची भाषा कंपनीगणिक बदलते, पण अशी लांब, न थांबणारी बीप बहुधा रॅम, म्हणजे चालू काम तात्पुरतं ठेवायची मेमरी, सापडत नसल्याची असते.

रॅम जाते कुठे? इथे मांद्र्याची हवा समजून घ्यावी लागते. समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यात मिठाचे अतिसूक्ष्म कण असतात आणि ते धुळीबरोबर संगणकात जाऊन बसतात. हवेची सापेक्ष आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या खाली असेपर्यंत मीठ कोरडं राहतं. ती त्याच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं आणि स्वतः त्यात विरघळतं. पावसाळ्यात डब्यातलं मीठ ओलं होतं, तेच इथेही घडतं. गोव्यात जून ते सप्टेंबर आर्द्रता बहुतेक वेळ या पातळीच्या वरच असते. म्हणजे रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर चार महिने खाऱ्या पाण्याची अदृश्य साय बसलेली असते. सोन्याचा मुलामा फार पातळ असतो आणि त्यात बारीक छिद्रं असतात. त्यांतून खालच्या धातूपर्यंत क्षार पोहोचतो, गंज वर येतो आणि विजेची वाट अडते.

यावरूनच आणखी एक गोष्ट कळते. पावसाळ्यात झाकून, बंद करून ठेवलेल्या संगणकापेक्षा रोज तासभर चालवलेला संगणक जास्त टिकतो. आतली हवा तापली की तिची सापेक्ष आर्द्रता उतरते. मामांनी काळजीपोटी घातलेल्या साडीने ओल आतच कोंडून ठेवली होती.

भिंतीतली वायर काढली, उरलेली वीज निघून जावी म्हणून सुरू करायचं बटण काही सेकंद दाबून धरलं आणि रॅमची पट्टी काढली. तिच्या कडेवर मऊ खोडरबर हलक्या हाताने फिरवला, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली. खोडरबर जोरात घासू नये, मुलामाच निघतो. पट्टी परत बसवली आणि पडदा उजळला. ज्या यंत्राला मेलेलं ठरवलं होतं, त्याची दुरुस्ती दहा मिनिटांत झाली.

कॅबिनेट उघडलंच आहे तर बोर्डावरचे वीज साठवणारे उभे, नळकांड्यासारखे कपॅसिटरही पाहून घ्यावेत. त्यांचा माथा सपाट हवा. फुगलेला किंवा वरच्या खाचेतून तपकिरी काही बाहेर आलेलं असेल, तर आतल्या द्रवाचा वायू झाला आहे असं समजावं. २००० च्या दशकाच्या पूर्वार्धात सदोष द्रव भरलेले असे कपॅसिटर जगभरच्या बोर्डांवर बसले होते, त्यामुळे त्या काळातल्या यंत्रांत ही तपासणी चुकवू नये. मामांचे ठीक होते.

पडद्यावर तारीख मात्र भलतीच जुनी होती. बोर्डावर सीआर-२०३२ नावाची, रुपयाच्या नाण्यासारखी ३ व्होल्टची बॅटरी असते. वीज नसताना घड्याळ तीच चालू ठेवते, आणि ती काही वर्षांत संपते. वेळ चुकली तर काय एवढं, असं वाटेल. पण बँकेची किंवा कुठलीही सुरक्षित वेबसाइट आपली ओळख पटवण्यासाठी जे प्रमाणपत्र दाखवते, त्याला मुदत असते. संगणकाच्या लेखी आज दहा वर्षांपूर्वीचा दिवस असेल, तर ते प्रमाणपत्र अजून लागूच झालेलं नाही, आणि ब्राउझर दार उघडत नाही. अनेकांनी यापायी इंटरनेटवाल्याशी भांडण केलेलं मी पाहिलंय. बॅटरी शंभर रुपयांच्या आत मिळते.

आता खरा प्रश्न होता मंदपणाचा. विंडोज वर यायलाच सात-आठ मिनिटं. मामा म्हणाले, “म्हातारा झाला तो.” पण प्रोसेसर माणसासारखा थकत नाही. विंडोजमधलंच रिसोर्स मॉनिटर उघडलं. प्रोसेसर जवळपास रिकामा बसला होता आणि डिस्कचा आलेख मात्र सतत वरच्या रेषेला चिकटलेला होता. सगळं यंत्र डिस्कची वाट पाहत होतं.

हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरते आणि तिच्यावर एक हात माहिती शोधत हिंडतो. मिनिटाला ७,२०० फेऱ्या घेणाऱ्या तबकडीला एका फेरीला ८.३ मिलिसेकंद लागतात. हवी ती जागा हाताखाली येईपर्यंत सरासरी अर्धी फेरी, म्हणजे ४ मिलिसेकंदांहून थोडा जास्त वेळ जातो. हात योग्य वर्तुळावर न्यायला आणखी आठ-दहा मिलिसेकंद. म्हणजे इकडेतिकडे विखुरलेल्या फायली वाचायच्या तर सेकंदाला जेमतेम पाऊणशे. रायबंदरहून चोडणला जाणारी फेरीबोट आठवा. बोट भरून माणसं एकदम गेली तर काम छान होतं. पण प्रत्येक उतारू वेगवेगळा आला आणि दर खेपेला बोटीत एकटाच बसला, तर? विंडोज सुरू होताना हजारो लहान फायली नेमक्या अशाच एकेकट्या पैलतीरी जातात. सॉलिड स्टेट डिस्क म्हणजे एसएसडी हा पूल आहे. तिच्यात फिरणारं काही नाही, आणि एकेक वाचन मिलिसेकंदाच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास उरकतं. मामांच्या जुन्या बोर्डावर साटाचा, म्हणजे डिस्क बोर्डाला जोडणाऱ्या वाटेचा, वेग आजच्या निम्मा, सेकंदाला ३०० एमबीच्या आत. तरीही फरक पडतो, कारण अडचण रुंदीची नव्हती, वाट पाहण्याची होती.

पण डिस्क बदलण्याआधी ती आजारी आहे का, हे पाहायला हवं. प्रत्येक डिस्क स्वतःच्या प्रकृतीची नोंदवही ठेवते, तिला स्मार्ट म्हणतात. क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत साधन ती वाचून दाखवतं. त्यातल्या दोन ओळींवर बोट ठेवा. ०५ क्रमांकाची ओळ सांगते की डिस्कने किती खराब तुकडे बाद करून राखीव तुकडे वापरले. सी-५ ची ओळ सांगते की किती तुकडे वाचता येत नाहीत आणि अजून त्यांचा निकाल लागलेला नाही. हे आकडे सुरुवातीला सोळाच्या मानात दिसतात, म्हणजे १० लिहिलं असेल तर ते सोळा असतात. मामांच्या डिस्कवर पिवळा इशारा होता आणि सी-५ शून्य नव्हता.

इथे बहुतेक जण एक घातक चूक करतात. इशारा दिसला की विंडोजची चेकडिस्क तपासणी खराब तुकडे शोधायला लावून देतात. ती तपासणी आजारी डिस्कला कोपरान् कोपरा फिरायला लावते, आणि हात तबकडीला घासत असेल तर उरलेलंही जातं. आधी प्रत, मग दुरुस्ती. या बाबतीत मी कुणाचंही ऐकत नाही.

प्रत काढायला डिस्कवरची विंडोज चालू ठेवायचीच नाही. माझ्या लॅपटॉपवर रूफस या साधनाने पेनड्राइव्हवर लिनक्स, म्हणजे विंडोजऐवजी चालणारी मोफत प्रणाली, घातलं आणि मामांचा संगणक त्या पेनड्राइव्हवरून सुरू केला. मग डिस्कची प्रत काढणारं जीएनयू डीडीरेस्क्यू. हा प्रोग्रॅम शहाण्या माणसासारखा वागतो. आधी जे सहज वाचता येतं ते भराभर उचलतो. अडखळलं की तिथे झुंजत न बसता पुढे उडी मारतो, आणि कुठे काय राहिलं याचा नकाशा एका फाइलमध्ये लिहितो. सगळं सोपं पदरात पडलं की मग राहिलेल्या जागी परत जाऊन कडांपासून खरवडतो. नकाशा असल्यामुळे मध्येच लाईट गेली तरी जिथे थांबलं तिथून पुढे जाता येतं. आमची लाईट त्या रात्री दोनदा गेली. एकच सांभाळायचं: आज्ञा देताना आधी मूळ डिस्कचं नाव लिहायचं, नंतर नवीचं. उलटं झालं तर रिकामी डिस्क भरलेल्या डिस्कवर उतरते. दोन्हींचा आकार पाहून नावाची खात्री दोनदा करावी.

सकाळपर्यंत १ टीबीच्या बाहेरच्या डिस्कवर जवळजवळ सगळं आलं होतं. चुकून पुसलेल्या फोटोंसाठी फोटोरेक वापरलं. तो फायलींच्या नावांकडे पाहतच नाही. जेपेग चित्राची सुरुवात ठरावीक बाइटांनीच होते. ती खूण शोधत तो सगळी प्रत चाळतो. आजीचा अंगणातल्या तुळशीपाशी बसलेला एक फोटो असाच सापडला. तो पुसला गेल्याचंही मामांना माहीत नव्हतं.

मग रॅम. सीपीयू-झेड या साधनाने कळलं की बोर्डाला डीडीआर-३ प्रकारची रॅम लागते आणि पट्टीची एक जागा रिकामी आहे. बाजारात डीडीआर-४ सहज मिळते, पण तिच्या कडेवरची खाच वेगळ्या ठिकाणी असते, ती बसत नाही. शिवाय विंडोज ३२ बिटांची असेल तर जास्त रॅम घालून उपयोग नाही. ३२ बिटांत २ चा ३२ वा घात, म्हणजे सुमारे ४२९ कोटी पत्ते मावतात, आणि तेवढ्या बाइट म्हणजेच ४ जीबी. ४ जीबीची वापरलेली पट्टी म्हापशातून आणली आणि रात्रभर मेमटेस्ट-८६-प्लस हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम लावला. तो प्रत्येक कप्प्यात शून्य-एकाचे ठरावीक नमुने लिहितो आणि परत वाचून ताडतो. एकही चूक निघाली तर पट्टी परत करायची. ‘एकच तर चूक आहे’ असा विचार करू नये, कारण तो कप्पा उद्या कुठल्या फाइलच्या वाट्याला येईल ते सांगता येत नाही.

विंडोजचं काय करायचं हा शेवटचा प्रश्न. विंडोज ७ ची सुरक्षा दुरुस्ती १४ जानेवारी २०२० ला थांबली, विंडोज १० ची १४ ऑक्टोबर २०२५ ला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि इंटेलचा किमान आठव्या पिढीचा प्रोसेसर लागतो. मामांचा तिसऱ्या पिढीचा. वळसे घालून ती बसवता येते, पण सत्तरीतल्या माणसाच्या यंत्रावर मी तसं करणार नाही. २५६ जीबीच्या एसएसडीवर लिनक्स मिंटची हलकी, एक्सएफसीई आवृत्ती घातली. आता चाळीस सेकंदांत पडदा तयार होतो. ‘पीसी बूस्टर’, ‘रजिस्ट्री क्लीनर’ अशा जाहिराती दिसल्या तर हात लावू नये. वर सांगितलेली सगळी साधनं मोफत आहेत आणि ती बनवणाऱ्यांच्या मूळ संकेतस्थळावरूनच घ्यावीत.

नाटकांच्या फायली लिबरऑफिसमध्ये उघडल्या आणि मामांचा चेहरा उतरला. पडद्यावर रोमन अक्षरांचा कचरा होता. हे नुकसान नव्हतं. युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणारी पद्धत. तिच्या आधीचे मराठी फाँट हे रोमन अक्षरांवर घातलेले मुखवटे होते. कृतिदेव या जुन्या फाँटात रोमन ‘डी’ टाइप केला की ‘क’ दिसतो, पण फाइलमध्ये साठतो तो ‘डी’च. मुखवटा नसेल तर खालचा चेहरा दिसतो. म्हणून जुन्या यंत्रावरून फायलींबरोबर फाँटही उचलावे. ते आम्ही उचलले होते, मग संहिता युनिकोडमध्ये बदलायला घेतल्या. अक्षराला अक्षर बदलून भागत नाही. ‘कि’ लिहिताना जुन्या फाँटात ऱ्हस्व वेलांटी आधी येते आणि क नंतर, युनिकोडमध्ये क आधी. ‘मार्ग’मधला रफार जुन्या फाइलीत ग च्या मागून येतो, युनिकोडमध्ये तो उचलून ग च्या आधी न्यावा लागतो. आमच्या बदलणाऱ्या प्रोग्रॅमने वेलांट्या नीट केल्या, रफार मात्र काही ठिकाणी चुकवले.

मामांनी पहिला अंक उघडला. सूत्रधाराच्या पहिल्याच वाक्यात ‘मागर्’ छापलं होतं. त्यांनी चष्मा पुसला, खुर्ची पुढे ओढली आणि एकेक रफार जागेवर न्यायला सुरुवात केली. रात्री जेवायला त्यांना तीनदा हाक मारावी लागली.