आठ नंबरचा जोड

पुतण्या इंग्लंडहून लातूरला आला तेव्हा माझ्यासाठी काळे ऑक्सफर्ड बूट घेऊन आला. नंबर फोनवर विचारूनच घेतला होता: आठ. माझ्या घरातल्या झाडून सगळ्या पायताणांचा नंबर आठच. तरी पाय आत गेला आणि पाच मिनिटांत करंगळी ठणकायला लागली. गंमत म्हणजे टाच मात्र ढिली. पुढे मुंबईत तशाच जोडाचा भाव विचारला, तर पुतण्याने मोजलेल्या पैशांच्या दीडपट. नंबर तोच असून बूट लागत नाही आणि बूट तोच असून भाव जुळत नाही, हे प्रकरण काय आहे ते खोदायला लागलो तर मागे बराच इतिहास निघाला.

नंबरापासून सुरुवात करू. जुन्या इंग्रजी हिशेबात जवाचे तीन दाणे म्हणजे एक इंच. ब्रिटिश बुटाच्या दोन नंबरांमधलं अंतर म्हणजे असा एक दाणा, 8.47 मिलिमीटर. चार इंचांपासून मुलांचे नंबर सुरू होतात, 13 पर्यंत जातात आणि मग मोठ्यांसाठी पुन्हा एकपासून मोजणी. त्यातून सूत्र असं होतं: लांबी इंचांत घ्या, तिप्पट करा, 25 वजा करा. 11 इंचांना येतो आठ नंबर. पण ही लांबी पायाची नव्हे, कलबुताची. ज्या लाकडी पायावर चामडं ताणून बूट शिवतात ते कलबूत. त्यात बोटांपुढची मोकळी जागाही धरलेली असते, आणि ती किती ठेवायची हे ज्याचा कारखाना तो ठरवतो.

युरोपचा आकडा जवावर नाही, सेंटीमीटरवर चालतो. तिथे एक नंबर म्हणजे दोन तृतीयांश सेंटीमीटर, त्याला पॅरिस पॉइंट म्हणतात. 42 नंबर म्हणजे 280 मिलिमीटर. आपला आठ म्हणजे 279.4. म्हणून डब्यावर हे दोन आकडे शेजारी शेजारी दिसतात. अमेरिकेचा आकडा ब्रिटिशांपेक्षा अर्ध्याने ते एकाने मोठा. तिथला आठ आपला आठ समजून घेतला तर बोटं दुमडलीच.

लांबीचं हे असं. माझं दुखणं खरं तर रुंदीचं होतं. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत बरेच बूट सरळसोट असत, डावा-उजवा भेदच नसे. वापरून वापरून पायच त्याला आकार देई. 1819 च्या सुमारास अमेरिकेत थॉमस ब्लँचर्डने बंदुकीचे लाकडी दस्ते कोरायला एक लेथ काढला. त्याच तत्त्वावर पुढे कलबुतं कोरली जाऊ लागली, एकासारखी एक. मग 1870 च्या दशकात गुडइयर वेल्ट आलं. वरचं चामडं आणि तळ यांच्यामध्ये चामड्याची एक वादी शिवायची, तळ झिजला की तेवढाच उसवून नवा घालायचा. हाताने होणारं हे काम यंत्राने व्हायला लागलं आणि इंग्लंडच्या नॉर्थॅम्प्टनमध्ये एकामागून एक कारखाने उभे राहिले. चर्चेस 1873 चं, क्रॉकेट अँड जोन्स 1879 चं, एडवर्ड ग्रीन 1890 चं. आजही भारी बुटांच्या गप्पा या गावापाशी येऊन थांबतात.

हजारो पायांना मोजकी कलबुतं पुरवायची तर कारखान्यांना लांबीबरोबर रुंदीही छापावी लागली. आकड्यापुढे अक्षर आलं. बहुतेक इंग्रज कारखान्यांत एफ म्हणजे नेहमीची रुंदी, अमेरिकेत डी. एडवर्ड ग्रीन मात्र नेहमीच्या रुंदीला ई म्हणतं. घ्या! अमेरिकेतल्या सिरॅक्यूजच्या चार्ल्स ब्रॅनॉकने 1920 च्या दशकात पाय मोजायचं धातूचं साधन काढलं. त्यात लांबी आणि रुंदीबरोबर टाचेपासून चवड्याच्या सांध्यापर्यंतचं अंतरही मोजतात. हे तिसरं माप सगळ्यांत उपयोगी, कारण चालताना बूट वाकतो तिथेच. तो चुकीच्या जागी वाकला तर कितीही महाग चामडं असो, सुरकुती भलतीकडे पडते आणि सांधा रोज घासतो.

आपल्याकडे इंग्रजांबरोबर नंबर आला, बाटाने तो गावोगाव पोचवला, पण अक्षर काही आलं नाही. पाय रुंद असेल तर दुकानदार सरळ एक नंबर मोठा काढून देतो. लहानपणी शेतात अनवाणी आणि पुढे चपलेत वाढलेला पाय पंज्याला पसरतो. आमच्याकडच्या बहुतेक पायांची हीच गत. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर 2021 ते मार्च 2022 या काळात देशभरात लाखभर लोकांचे पाय त्रिमितीय यंत्राने मोजले. भारतीय पाय साधारणपणे रुंद, हे त्यातून कागदावर आलं. त्यावरून बेतलेल्या मापपद्धतीला ‘भा’ हे नाव दिलं. म्हणजे दोन-तीन पिढ्या आपण रुंदीचा प्रश्न लांबीने सोडवत होतो. माझी ढिली टाच त्याचीच साक्षीदार.

त्याआधी गावात काय होतं? चांभार बारा बलुतेदारांतला. कागदावर किंवा जमिनीवर पाय ठेवून रेघ मारायची आणि रापी-आरी घेऊन बसायचं. लंडनमध्ये जॉन लॉबच्या दुकानातही गिऱ्हाइकाचा पाय कागदावर रेखून घेतात, त्यावरून त्याच्या एकट्याचं कलबूत कोरतात आणि काही हजार पौंड मोजून घेतात. आमच्याकडे त्याच रेघेचं मोल सुगीत खळ्यावर ज्वारीच्या रूपात मिळायचं. तिथे जवाने बूट मोजला, इथे ज्वारीने त्याचे पैसे फेडले. फेडले म्हणायचं इतकंच. ‘पायीची वहाण पायीच बरी’ म्हणणाऱ्या गावात बलुत्याचं माप कुणाच्या हातात असेल ते वेगळं सांगायला नको. बांधावरच्या पिवळ्या फुलांच्या तरवडाची सालही याच धंद्यातली. मद्रासकडे तिनेच कातडी कमावली जात आणि ती अर्धवट तयार कातडी जहाजाने इंग्लंडला जात. चामडं इथलं गेलं, भाव तिथे चढला.

आता भाव. दुसऱ्या देशातला माल घेताना कर आणि चलन दोन्हीकडून कात्री लागते, याची सवय मराठवाड्याला 1948 च्या आधीपासून आहे. हैदराबाद संस्थानाची स्वतःची जकात होती, तिला करोडगिरी म्हणत. 1802 च्या तहाने ती 5 टक्के ठरली होती. मुंबईला बूट घेऊन मनमाडहून गाडीने औरंगाबादला यायचं तर ती भरावी लागे. पैसेही वेगळे: मुंबईत कलदार म्हणजे इंग्रजी रुपया, इथे निजामाचा हाली सिक्का, आणि साधारण सात हाली म्हणजे सहा कलदार. खुद्द सहाव्या निजामाला असल्या हिशेबाची फिकीर नव्हती. तो गेल्यावर त्याच्या बुटाच्या चवड्यात 184 कॅरेटचा जेकब हिरा सापडला, असं सांगतात. तेवढा हिरा आत मावला म्हणजे फिटिंग माझ्या बुटासारखं नसणार.

स्वातंत्र्यानंतर पौंड बरीच वर्षं 13 रुपये 33 पैशांना बांधलेला होता. 6 जून 1966 च्या अवमूल्यनाने तो 21 रुपयांवर गेला. बुटात टाकाही न बदलता किंमत दीडपटीवर. पण बूट मुळात आणणार कोण? आयातीची दारं बंद होती. उपभोग्य वस्तूंवरचे शेवटचे परिमाणात्मक निर्बंध, म्हणजे माल किती आणायचा यावरची बंधनं, 1 एप्रिल 2001 ला उठले, तेव्हा कुठे परदेशी जोड रीतसर दुकानात दिसायला लागला. त्याआधीचे ‘इंपोर्टेड’ बूट कुठल्या वाटेने यायचे, ते त्या पिढीला ठाऊक आहे.

आजचा हिशेब असा. नॉर्थॅम्प्टनच्या दुकानात 600 पौंडांची पाटी असलेल्या बुटात 20 टक्के व्हॅट असतो. माल देशाबाहेर पाठवला की तो गळतो, उरतात 500. पौंड 110 रुपये धरला तर 55,000. भारतात दुकानदाराने आणला की सीमाशुल्क आणि वरचे भार मिळून 38.5 टक्के, 2020 च्या अर्थसंकल्पापासून हेच. झाले 76,175. त्यावर 18 टक्के जीएसटी: 89,886. यात विमान, विमा, दुकानाचं भाडं आणि नफा अजून धरलेला नाही. पुतण्याने तिथे उभं राहून घेतला तर त्याला व्हॅटसकट 66,000 पडतात आणि परतावाही नाही, कारण ब्रिटनने पर्यटकांना व्हॅट परत देणं 2021 च्या सुरुवातीलाच थांबवलं. तेच इटलीत किंवा फ्रान्समध्ये घेतलं असतं तर विमानतळावर काही पैसे परत मिळाले असते. म्हणून जगभरचे शौकीन बुटाच्या आधी कराचा तक्ता पाहतात.

कर सोडला तरी किंमत फक्त मालाची नसते. चैनीच्या वस्तू विकणाऱ्या फ्रान्सच्या हर्मेसने 1976 मध्ये जॉन लॉबचं पॅरिस दुकान घेतलं, इटलीच्या प्राडाने 1999 मध्ये चर्चेस घेतलं. मोची-कारखान्याचं नाव चैनीच्या पेठेत गेलं की पाटीवरचा आकडा मजुरी विचारत नाही, असं माझं मत. त्याच प्राडाने जून 2025 मध्ये मिलानच्या मंचावर कोल्हापुरीसारख्या चपला उतरवल्या, मूळ न सांगता. ओरड झाल्यावर कंपनीने मान्य केलं आणि डिसेंबरमध्ये महाराष्ट्राच्या संत रोहिदास चर्मोद्योग महामंडळाशी व कर्नाटकच्या महामंडळाशी करार केला: 2,000 जोड, एकेक सुमारे 800 युरोंना. कोल्हापुरीच्या भौगोलिक मानांकनात आठ जिल्हे आहेत, सोलापूर त्यांत आहे. धाराशिवची हद्द ओलांडली की तो सुरू होतो. मराठवाड्यातला एकही जिल्हा त्यात नाही.

परवा गंजगोलाईजवळ बसणाऱ्या एका म्हाताऱ्या कारागिराला ते ऑक्सफर्ड दाखवले. त्याने आत हात घालून चवडा चाचपला, शिवण पाहिली, मान हलवली. “जोड लई देखणा हाय, पर कलबूत तुमचं न्हाई.” मग वर्तमानपत्राच्या कागदावर माझा पाय ठेवून पेन्सिल फिरवली. लांबी भरली 262 मिलिमीटर, पंजा 104. कागदाचा फोटो पुतण्याला पाठवला. रात्री त्याचं उत्तर आलं: “काका, तुम्हाला साडेसात लागतो, ‘जी’ अक्षराच्या रुंदीत. तयार नसतो, ऑर्डर देऊन करावा लागेल. भाव वेगळा.”