टायरात हवा किती?

ग्रॅव्हल बाईकची, म्हणजे खडीच्या कच्च्या वाटांवर चालणाऱ्या सायकलची, शर्यत सुटायच्या आधी स्पर्धक एकमेकांना एक प्रश्न हमखास विचारतात : 'हवा किती भरलीस?' पुढे डांबर आहे, सुटी खडी आहे, वाळू, चिखल, चढ-उतार सगळंच आहे, आणि त्या सगळ्याला पुरेल असा एकच आकडा सकाळी ठरवायचा आहे.

टायर जमिनीला किती टेकतो याचा ढोबळ हिशेब सोपा आहे. चाकावरच्या भाराला हवेच्या दाबाने भागायचं. एका चाकावर 40 किलो भार आणि टायरात 90 पीएसआय (दर चौरस इंचाला 90 पौंड दाब) हवा असेल, तर जेमतेम 6 चौरस सेंटिमीटर, टपालाच्या तिकिटाएवढा तुकडा जमिनीला लागतो. दाब 30 वर आणला की तोच 19 चौरस सेंटिमीटर होतो.

चाक फिरताना रबर दबतं आणि पुन्हा फुगतं. दबताना घेतलेली सगळी ऊर्जा ते परत देत नाही, थोडी उष्णता होऊन जाते. म्हणून हवा टम्म भरली की सायकल हलकी पळते, असं सायकलवाले वर्षानुवर्षं मानत आले. गुळगुळीत रस्त्यावर ते बरंचसं खरंही आहे. खडीवर मात्र कडक टायर दगडाला वाट देत नाही; प्रत्येक दगडावर सायकल आणि स्वार दोघांनाही उचलून आपटतो. हे हादरे स्नायूंत आणि चरबीत जिरतात, म्हणजे पायांनी कमावलेली ऊर्जा अंगातच उष्णता होऊन संपते. मऊ टायर दगड गिळून पुढे जातो. 1888 मध्ये जॉन डनलॉप यांनी मुलाच्या तीनचाकीला हवेचे टायर बसवले, ते हादरे कमी करण्यासाठीच.

मग हवा आणखी कमी का करू नये? कारण दगड थेट रिमवर आदळतो. आत ट्यूब असेल तर ती दोन्हींमध्ये चिमटून फाटते. म्हणून इथे बहुतेक जण ट्यूबलेस, म्हणजे आत ट्यूबच नसलेला टायर वापरतात. बारीक भोक आतलं लॅटेक्सचं द्रावण बुजवतं. पण अमेरिकेतल्या कॅन्ससमध्ये सुमारे 320 किलोमीटरची अनबाउंड शर्यत होते, तिथल्या वाटांवर गारगोटीच्या जातीचा चकमकीचा दगड आहे. अश्मयुगातला माणूस ज्याची पाती करायचा तो हाच! त्याने टायरची कड चिरली की द्रावण हात टेकतं.

चढावर वेगळीच अडचण येते. सायकलसकट 85 किलो वजन 8 टक्के चढावर ताशी 10 किलोमीटरने न्यायला नुसत्या गुरुत्वाकर्षणासाठीच सुमारे 185 वॅट लागतात. जोर लावायला उभं राहावं, तर भार पुढे सरकतो आणि मागचं चाक खडीवर जागीच फिरतं. तेव्हा बसून, हलक्या गिअरवर, सारख्या लयीत पॅडल मारणंच बरं.

नालीदार पत्र्यासारखा रस्ता लागला तर हवेचा कुठलाच आकडा कामाचा नाही. गोल फिरणाऱ्या वाळूच्या थरावर चाक चालवून शास्त्रज्ञांनी पाहिलं आहे, की ठरावीक वेगापुढे या लाटा आपोआप उठतात. चाकाला स्प्रिंग असो वा नसो. अशा ठिकाणी अनुभवी स्वार मुकाट्याने रस्त्याची कड धरतो.

वाळूत पुढचं चाक रुततं आणि हँडल अडतं. तोल जातो तिकडे हँडल वळत राहतं म्हणूनच तर सायकल उभी असते! त्यामुळे भार मागे घ्यायचा, हँडल सैल धरायचं आणि पॅडल थांबवायचं नाही.

शेवटी डांबर लागतं आणि दिवसभर साथ दिलेला मऊ टायर जड वाटू लागतो. पण आता वेग वाढलेला असतो, आणि हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. इथे टायरातल्या हवेपेक्षा बाहेरची हवा भारी पडते, म्हणून जो तो पुढच्याच्या पाठीमागे लपायला बघतो.