शेजारच्या मूळ संख्येवरून बनणाऱ्या क्रमिका : पार्श्वभूमी

कोणत्याही संख्येच्या पुढे मूळ संख्या सापडणारच, हे युक्लिडपासून ठाऊक आहे. ती किती पुढे, हा प्रश्न मात्र बराच काळ मोकळा राहिला. १८४५ मध्ये बर्ट्रांड यांनी ३० लाखांपर्यंत पडताळून अंदाज मांडला, की १ पेक्षा मोठी कोणतीही संख्या आणि तिची दुप्पट यांच्या दरम्यान निदान एक मूळ संख्या असते. चेबिशेव यांनी काही वर्षांतच तो सिद्ध केला. मर्यादा फारच ढोबळ: १०० साठी ती २०० पर्यंत थांबायला सांगते, प्रत्यक्षात १०१ लगेच भेटते.

१९६४ मध्ये गणितज्ञ नील स्लोन यांनी संख्यांच्या क्रमिका कार्डांवर नोंदवायला सुरुवात केली. १९७३ च्या त्यांच्या पुस्तकात २,३७२ क्रमिका होत्या. त्यातूनच आजचा ऑनलाइन कोश उभा राहिला. तिथे ‘n च्या पुढची मूळ संख्या’ एकदा नोंदवून भागत नाही. n स्वतः मूळ असेल तर ती धरायची की सोडायची? पारी-जीपी आणि सिमपाय या दोन गणिती सॉफ्टवेअरमध्ये पुढची मूळ संख्या देणारी ‘नेक्स्टप्राइम’ ही आज्ञा आहे. ७ साठी पारी-जीपीचा नेक्स्टप्राइम ७ च देतो, सिमपायचा ११ देतो. संयुक्त संख्यांवर दोघांची उत्तरे जुळतात, म्हणून ८, ९, १० घालून तपासणाऱ्याला चूक दिसतच नाही.

‘सर्वांत जवळची मूळ संख्या’ म्हटले की पेच आणखी वाढतो. १२० पासून ११३ आणि १२७ दोन्ही सातच अंतरावर. बरोबरी होते ती लागोपाठच्या दोन विषम मूळ संख्यांच्या मध्यावर: ४, ६, ९, १२, १५, १८, २१, २६... या सगळ्या संयुक्त. नाहीतर त्या दोन लागोपाठच्या राहिल्याच नसत्या. n ला स्वतःला वगळायचे ठरवले, तर ५, ५३, १५७ अशा मूळ संख्यांवरही बरोबरी होते. त्यामुळे अशा वेळी लहान घ्यायची की मोठी, हे व्याख्येतच लिहावे लागते.

यातली सर्वांत सुंदर क्रमिका मानववंशशास्त्रज्ञ रिओ फॉर्च्यून यांच्या नावाची आहे. पहिल्या काही मूळ संख्यांचा गुणाकार करा आणि त्यात मिळवल्यावर मूळ संख्या देणारी, १ पेक्षा मोठी, सर्वांत लहान संख्या शोधा. ३, ५, ७, १३, २३, १७... २ × ३ × ५ × ७ = २१० घेतले, तर २ ते १० मधली प्रत्येक संख्या २१० शी सामाईक अवयव ठेवते, म्हणून बाद. २१० + ११ = २२१ = १३ × १७, तीही बाद. १२ सम, म्हणून तीही बाद. २१० + १३ = २२३ मूळ. इथे संयुक्त उत्तर यायचे, तर त्याचे सगळे मूळ अवयव ११ किंवा मोठे, म्हणजे ते निदान १२१ हवे. कुठल्याही गुणाकारासाठी हे उत्तर संयुक्त येत नाही, नेहमी मूळच येते, असा फॉर्च्यून यांचा अंदाज. तो अजून सिद्ध झालेला नाही.