पुस्तक भिडणे

एकच पुस्तक एका वाचकाच्या मनात रुतून बसते आणि तितक्याच जाणत्या दुसऱ्याला कोरडे ठेवते, या अनुभवासाठी मराठीत रूढ असलेला शब्दप्रयोग. 'आवडणे' याहून तो निराळा. आवडलेले पुस्तक आपण सहज कोणालाही वाचायला देतो. भिडलेले देताना हात जरा आखडतो.

संस्कृत काव्यशास्त्राने हा विचार वाचकाच्या बाजूने केला. काश्मीरचे अभिनवगुप्त (दहावे-अकरावे शतक) यांच्या मते काव्याच्या सततच्या परिशीलनाने ज्याच्या मनाचा आरसा स्वच्छ झाला आणि म्हणून जो वर्ण्य विषयाशी तन्मय होऊ शकतो, तो 'सहृदय'. तयारी लागते, हे खरेच. पण दोघांचेही आरसे लख्ख असताना प्रतिबिंब एकातच का उमटावे? त्यासाठी त्याच परंपरेतील 'वासना', म्हणजे मनात मुरलेले संस्कार, ही कल्पना जोडून घ्यावी लागते.

पुण्याच्या 'केसरी'चे संपादक न. चिं. केळकर यांनी 1921 साली बडोद्याच्या साहित्य संमेलनात अध्यक्षपदावरून 'सविकल्प समाधी'ची उपपत्ती मांडली. वाचक दुसऱ्याच्या भूमिकेत शिरतो, पण स्वतःचे भान सोडत नाही. आनंद या दुहेरीपणात आहे, असा तिचा आशय. उपपत्ती एकूण साहित्यानंदाची आहे; भिडण्याचे कोडे मात्र तिच्यातल्या 'स्वतःचे भान' या अर्ध्या भागात दडलेले दिसते. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा मुलगा आणि त्याच गल्लीत जन्म काढलेले निवृत्त शिक्षक दुष्काळावरची एकच कादंबरी वाचतात, असे समजू. पात्रांत दोघेही शिरतील, परततील मात्र आपापल्या घरी. शिवाय ओळखीचे तेच भिडते, असेही नाही. दुष्काळ सोसलेला मुलगा 'हे असं नसतं' म्हणून विसाव्या पानावर पुस्तक मिटेल, आणि टँकरची रांग कधी न पाहिलेल्या शिक्षकांना त्यातल्या म्हातारीचे एक वाक्य रात्रभर झोपू देणार नाही.

वयाचाही वाटा मोठा. विशीत कंटाळवाणे वाटलेले पुस्तक पन्नाशीत अचानक बोलू लागते.

1848 साली स्थापन झालेल्या पुणे नगर वाचन मंदिरापासून पेठांतल्या लहान वाचनालयांपर्यंत एकेक प्रत कित्येक हातांतून जात आली आहे. पुस्तकांवर खुणा करू नयेत, हा वाचनालयांचा नियम जुना, आणि तो मोडणारेही जुनेच. जीर्ण प्रतीत एकाच पानावर दोन निरनिराळ्या पेन्सिलींच्या रेघा सापडतात, पण बहुधा वेगवेगळ्या ओळींखाली.